पाल्याचा चहा

आत्याबाई, आज गवती चहा कापला. वाफा कधीच गेला, आता एका कुंडीत लावते. खाटेखाली जुनं लुगडं अंथरून पाती सावलीला पसरून ठेवली आहेत. मी एकटीच, मला चार पाती पुष्कळ झाली. पण हात भराभर चालत गेला आणि बघता बघता भरल्या घराला पुरेल एवढा ढीग झाला. एवढा कोण पिणार, असं मोठ्यानं म्हणाले. उत्तर द्यायला कोणी नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

लग्न होऊन मी लोणारहून पिंपळगाव राजात आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. तुमचे चिरंजीव एसटीत कंडक्टर, नोकरी मेहकरला, पंधरवड्यातून एकदा घरी यायचे. तुमची लेक आधीच धामणगाव बढ्याला दिलेली. राहिलो आपण दोघी. तुम्ही बोलायच्या ते कामापुरतं. दळण झालं का, पाणी भरलं का. पण दुपारी जेवणं आटोपली की तुम्ही फळीवरचे पत्र्याचे डबे खाली काढायच्या, आणि तेवढा तासभर तुमची जीभ सैल व्हायची. तुळस, गवती चहा, सुंठ, बडीशेप, धने, आवळ्याच्या सुक्या फोडी. "उन्हात वाळवलं का पाल्याचा जीव जाते," तुम्ही सांगायच्या. थंडीत सुंठ आणि तुळस जास्त, उन्हाळ्यात धने-बडीशेप. मी माप विचारलं तर म्हणालात, "मापाले काय करतं? नाक सांगते." चिमूट तळहातावर चोळायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे, मग पुढची चिमूट. गल्लीतल्या बाया खोकल्याला, पोटाला, नाहीतर नुसत्या गप्पांना यायच्या, आणि तुमचा पाल्याचा चहा पिऊन जायच्या.

मग एका पावसाळ्यात तुम्हाला ताप आला. तीन आठवडे अंथरुणावर होतात. उठलात त्यानंतरची एक सकाळ मला दिसते. मी अंगणात कपडे वाळत घालते आहे, चुलीवर दूध उतू जाऊन करपलं आहे, वास पार अंगणात आला आहे, आणि तुम्ही चुलीपासून दोन हातांवर बसून डाळ निवडताहात. मान वर करत नाही. अंगणात बसून माझ्या फोडणीतला लसूण लाल झाला का काळा, हे सांगणाऱ्या तुम्ही. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं तेव्हा दचकलात. दुपारी तळहातावर तुळस चोळून तुम्ही नाकाशी नेली, बराच वेळ धरली, आणि माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणाले, "आत्याबाई, थोडी कमी घ्या." तुम्ही घेतलीत.

वर्षभर आपलं असंच चाललं. तुम्ही न बघता विचारायच्या, "पुरे?" मी म्हणायची, "पुरे." बायांना काही कळलं नाही. खरं सांगते, त्या घरात आपली गरज आहे असं मला पहिल्यांदा त्या वर्षात वाटलं.

म्हणून तुमचं ते बोलणं लागलं. ओट्यावर शेजारणी बसल्या होत्या. एक जण म्हणाली, "सून बी शिकली असंन आता." तुम्ही म्हणालात, "हिले काय येते? हिच्या हाताले चवच नाई. मी नसली तं या घरात कडू-गोड कोणाले समजणार नाई." सगळ्या हसल्या. मी दारात कप घेऊन उभी. आज कळतं, कोणाला सुगावा लागू नये म्हणून तुम्ही तसं बोललात. तेव्हा मी वीस वर्षांची होते.

चारच दिवसांनी धामणगावची विहीणबाई आपल्या जावेला घेऊन आली, तुमच्या लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. तुम्ही स्वतः चहाला बसलात. गवती चहाच्या डब्याला लागून चिराईताचा डबा होता, तापावरचा, कडूजहर, जाडसर कुटलेला. तुमची नजरही अधू झाली होती. तुम्ही चिराईताचा डबा उघडलात, नाकाशी धरलात, आणि हळूच विचारलंत, "हाच ना व?"

मी तांदूळ निवडत होते. मी डबा पाहिला आणि म्हणाले, "हाव."

विहीणबाईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हे काय हो विहीणबाई, औषध पाजून राह्यल्या काय आमाले?" जाऊ पदराआड हसली. तुम्ही तुमचा कप उचललात. कडू कळायला नाक लागत नाही. तुमचा चेहरा हलला नाही. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यालात आणि म्हणालात, "पित्तावर चांगला असते. सवय पाह्यजे." मग माझ्याकडे न बघता, "सूनबाई, पावण्यायले दुधाचा चहा ठेव."

त्या गेल्यावर तुम्ही मला फाडून खाल असं वाटलं. तुम्ही कप विसळलेत, पालथे घातलेत, आणि सगळे डबे माझ्याकडे सरकवलेत.

"आजपासून तू करत जाय."

"आत्याबाई, मी..."

"तुया नाकाले समजते."

एवढंच. नंतर नऊ वर्षं तुम्ही माझ्या हातचं प्यालात, फळीला हात लावला नाहीत. ओट्यावर बायांना सांगायच्या, "सूनच करते आता. मायापेक्षा बरा करते." तुम्ही असं म्हणालात की मी काहीतरी काम काढून आत जायची.

आता ओट्यावर कोणी बसत नाही. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याहून तुळशीचं चित्र असलेली खोकी पाठवतो, दोऱ्याला बांधलेली पुडी गरम पाण्यात बुडवायची. चांगलं असतं ते. फोनवर विचारतो, आई, आवडलं का. मी हो म्हणते.

नऊ वर्षांत सांगता आलं असतं. तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी बोलले नाही, आणि आता हे लिहून पाठवायचं तरी कुठं. घडी घालून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवीन. ते "हाव" रागाच्या भरात तोंडून निघून गेलं, अशी मी आजवर मनाची समजूत घालत आले. तेवढंच नव्हतं, आत्याबाई. विहीणबाईनं तोंड वाकडं करून कप खाली ठेवला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तुम्ही तुमचा कप तोंडाला लावेपर्यंत बरं वाटत होतं.