अप्पांच्या गादीखालचा तेरडा

मुलुंड, रविवार, २६ ऑगस्ट १९८४

सासरे सकाळी गणपतीला गावी गेले. घर सुनं वाटतंय, आणि माझा सगळा सर्व्हे त्यांच्या गादीखाली आहे. नाहूरच्या बाजूला फिरून आणलेली रानटी झाडं मी जुन्या पेपरांत घालून तिथेच दाबून वाळवते. कॉलेजातल्या झाडं दाबायच्या प्रेसला माझा नंबर कधी लागणार? अप्पा मात्र कूस न बदलता झोपतात. माझ्या झाडांसाठीच ना? कधी विचारलं नाही.

निघताना म्हणाले, "मी गेलंय तर तुझी झाडां वाकडी होतली गो."

मी म्हटलं, "होऊ देत. तुम्ही मोदक खाऊन या."

संध्याकाळी तेरड्याचे पेपर बदलायला गेले, तर गादीवर कोणीतरी झोपल्यासारखं. अप्पांचीच चादर, चारी बाजूंनी खोचलेली. काढून बघते तर आत आमचा पाटा आणि उशीजवळ वरवंटा. सत्तरीच्या माणसाने हा पाटा उचलला कसा? आणि कधी? मी आंघोळीला गेले तेव्हा?

तेरडा मस्त सपाट झालाय. पेपर बदलले, पाटा परत गादीवर ठेवला, चादर होती तशी खोचली. अप्पा येईपर्यंत वाटण शेजारच्या वहिनींकडे.

पाटापण कूस बदलत नाही.