चुकीच्या गोठ्यासमोरचं रडणं

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
रविवार, २१ सप्टेंबर

ती. पद्मिनीआत्या यांना शिवांगीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (खरोखर ठेवते आहे असं समजा. पायांचा विषय पुढे येणारच आहे.)

तुमचा डावा गुडघा कसा आहे? उजव्याची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण गेल्या वेळी दोन्हींची एकदम केली तेव्हा तुम्ही ‘यादी वाचतेयस का’ म्हणालात. टँकर वेळेवर येतो ना? मी ठीक आहे, दमा झोपलेला आहे, हवा बरी आहे. बोलताना अगं-तुगं करणारी मी कागदावर तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणते आहे, कारण दम्यापायी चौथीपर्यंत घरीच शिकले तेव्हा हे तुम्हीच शिकवलंत: पत्रात मोठ्यांना मान द्यावा, आधी त्यांची प्रकृती विचारावी, मग हकिगत सांगावी, आणि काही मागायचं असेल तर ते अगदी शेवटी, म्हणजे वाचणाऱ्याच्या पदरी निदान हकिगत तरी पडते. त्या नियमाने चालले आहे.

एकोणीस दिवस तुम्ही माझा फोन उचललेला नाही. परीक्षितदादाने तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला त्या दिवसापासून. फोटोत मी खुर्चीवर बसले आहे, माझे पाय निळ्या प्लास्टिकच्या टबात आहेत आणि एक्क्याऐंशी वर्षांची एक गोरी बाई गुडघ्यांवर बसून ते पुसते आहे. माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावर इंग्रजीत ‘वर्ना’ असं लिहिलं आहे. दादाने वर लिहिलं, ‘आपल्या शिवांगीची युरोपात चंगळ’. हे सगळं कसं झालं ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. त्याआधी कबुली देते. ग्रीन कार्ड आलं की पहिली नव्या निवळीला तुमच्याकडे येईन, असं मी सहा वर्षं म्हणत होते. कार्ड मे महिन्यात आलं आणि ऑगस्टमध्ये मी स्वित्झर्लंडला गेले. हे वाक्य मी चार प्रकारे लिहून पाहिलं. कसंही लिहिलं तरी तसंच दिसतं.

टबाशी बसलेल्या त्या लोइसबाई, माझ्या शेजारीण. त्या मेनोनाइट आहेत, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी तिकडे ज्यांनी ‘बाप्तिस्मा मोठेपणी ज्याने त्याने समजून घ्यावा आणि शस्त्र कुणीच धरू नये’ असं म्हटलं आणि त्यापायी जे गावोगावहून हाकलले गेले, त्या ख्रिस्ती लोकांपैकी. त्यांच्यातले बत्तीस जण बसने पूर्वजांची गावं बघायला निघाले होते. लोइसबाईंबरोबर त्यांची धाकटी बहीण वर्ना जाणार होती. तिचं खुब्याचं हाड मोडलं. लोइसबाईंना एकटीला त्यांचा मुलगा पाठवेना. बाई माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मी ऐंशी वर्षं वाट बघितली आहे, अजून ऐंशी जमणार नाहीत.” आत्या, याला नाही कसं म्हणायचं ते तुम्ही मला शिकवलेलं नाही.

बिल्ले आधीच छापून झाले होते. मी वर्नाच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून ‘शिवांगी’ लिहिलं, ती दुपारपर्यंत पडे. दुसऱ्याचं नाव गळ्यात घालून फिरणं म्हणजे खोटं बोलणंच, म्हणून रोज नाश्त्याला मी प्रत्येक टेबलापाशी जाऊन मी वर्ना नाही हे सांगत असे. तिसऱ्या दिवशी एका आजोबांनी माझा हात धरून ‘खुब्याच्या मानानं तू छान चालतेस’ म्हटलं, तेव्हा मी थांबवलं. (पूर्ण नाही. दोन टेबलं चालू ठेवली.)

या लोकांची एक रीत आहे. मेनोनाइट माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग आजीचं माहेर, आणि तिसऱ्या मिनिटाला नातं निघतं. मला हे मुळीच परकं वाटलं नाही. तुम्ही एसटीत हेच करता, फक्त तुम्हाला तिसरं मिनिट लागत नाही. आमचे म्होरके मर्विन, इतिहासाचे निवृत्त मास्तर, यांच्याजवळ बाराशे पानांचं एक पुस्तक होतं. त्यात घराण्यातला प्रत्येक माणूस नंबर घालून बसवलेला. वर्नाच्या नंबरावर मी बसत नाही हे पटल्यावर त्यांनी बसच्या माइकवरून विचारलं, “मग तुमची माणसं कुठली?” मी सांगितलं, निवळीकर म्हणजे निवळीचे. “आणि निवळीला आता काय आहे?” मी म्हटलं, पाणी. धरणाचं.

हाकललेल्या लोकांना हाकललेले लोक फार चटकन कळतात. मग प्रश्न सुरू झाले. घर नदीच्या कुठल्या काठाला होतं? दार कुठल्या दिशेला? अंगणात काय होतं? आणि मला एकाचंही उत्तर येईना. त्यांना तीनशे वर्षांपूर्वीच्या गोठ्याचं तोंड कुठे होतं ते ठाऊक, आणि तुम्ही बारा वर्षांच्या होईपर्यंत जिथे राहिलात त्या घराचं दार मला ठाऊक नाही. मी तीनदा विचारलं होतं, आत्या. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, ‘काय बघायचंय तिथे? पाणी. पाणी का कधी बघितलं नाहीस?’ चौथ्यांदा मी विचारलं नाही. मर्विननी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: ‘निवळीकर. गाव पाण्याखाली. चौकशी चालू.’

आता टब. रविवारी एका जुन्या प्रार्थनाघरात त्यांचा पाय धुण्याचा विधी होता. बायकांनी बायकांचे, पुरुषांनी पुरुषांचे, जोडीजोडीने; कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही, असा त्याचा अर्थ. मी मागे बसायचं ठरवलं होतं, पण लोइसबाईंची जोडी मोडली होती. मला वाटलं, मी त्यांचे धुवायचे. खाली वाकणार तोच त्याच वाकल्या आणि माझा पाय धरला. आजीच्या वयाची बाई माझ्या पायाला हात लावते आहे म्हटल्यावर मी शुद्ध मराठीत “अहो, नको” म्हणाले, पाय ओढला आणि त्या भरात त्यांच्या पायांवर डोकं टेकवायला गेले. डोक्यावर डोकं आपटलं. त्यांचा चष्मा टबात पडला. शेजारच्या दोघींना वाटलं की डोकं टेकवणं हा भारताकडचा जास्त कडक प्रकार असावा, म्हणून त्यांनीही एकमेकींच्या पायांवर टेकवलं. त्यांतल्या एकीला उठवायला मर्विनना बायकांच्या बाजूला यावं लागलं.

मग लोइसबाई म्हणाल्या, “बस. मला करू दे.” मी बसले. फोटो त्या वेळचा आहे. त्यानंतर मी त्यांचे पाय धुतले, तो फोटो कुणी काढला नाही. त्यांच्या टाचांना तुमच्यासारख्याच भेगा आहेत, उजवीला जास्त. सहा वर्षांत मी तुमच्या पायांना हात लावलेला नाही. व्हिडिओवर मी वाकते तेव्हा तुम्हाला माझा पंखा दिसतो आणि तुम्ही ‘असू दे, असू दे’ म्हणता.

सातव्या दिवशी लोइसबाईंच्या पूर्वजांचं घर आलं. टेकडीवर, उतरतं छप्पर, बाजूला गोठा. बाई सगळ्यात पुढे गेल्या, गोठ्याच्या भिंतीला दोन्ही तळवे लावून उभ्या राहिल्या आणि रडल्या. बाकीच्यांनी चार सुरांत भजन म्हटलं (हे लोक चार जण जमले तरी चार सूर लावतात), आम्ही सगळेच रडलो, गाईही गप्प झाल्या. भजन संपेपर्यंत शेतकरी टोपी हातात धरून थांबला. मग अतिशय अदबीने म्हणाला की हा गोठा त्याच्या वडिलांनी १९८७ साली बांधला. आपण शोधताय ते घर पुढच्या टेकडीवर.

मर्विनचा चेहरा बघवेना. सगळे बसमध्ये बसले, पुढच्या टेकडीवर उतरले आणि तेच भजन पुन्हा सुरू झालं, या खेपेला तीनच सुरांत. लोइसबाईंनी खरं घर नीट पाहिलं, छान आहे म्हणाल्या, पण रडल्या नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, “माझं मघाशीच झालं. ऐंशी वर्षांचं होतं, दोनदा कसं येईल?”

तिथे त्यांनी चिमूटभर माती आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत, गुरुवारच्या कप्प्यात भरली. इकडे विमानतळावर कस्टमच्या माणसाने विचारलं, शेतावर गेला होतात का, माती आणली आहे का? लोइसबाई खोटं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मला ऐकू आलं होतं. मी म्हणाले, “गुरुवारात आहे.” त्याने माती काढून घेतली. शेतावर गेलो होतो हेही मीच सांगितल्यामुळे त्यांचे बूट मागवून घेतले आणि आतून-बाहेरून धुऊन दिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई ओले बूट घालून गाडीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “या प्रवासात दुसऱ्यांदा पाय धुऊन झाले.” मग घर येईपर्यंत हसत होत्या. मी गाडी चालवत रडत होते, आणि मातीसाठी नाही.

तर फोटोचा खुलासा हा असा. चंगळ झाली नाही. नव्या निवळीतल्या सगळ्यांना नमस्कार सांगा, परीक्षितदादाला सांगू नका.

तुमची,
शिवांगी

ता. क. मागणी आता लिहिते. मी नऊ मेला येते आहे, तीन आठवडे. तिकीट काढलं आहे. मेच्या शेवटी पाणी उतरलं की देवळाचं जोतं वर येतं, असं दादा म्हणतो, आणि जीप आणायला तो तयार आहे. मला काठावर नेऊन घर कुठे होतं ते बोटाने दाखवायचं. तिथे काही नाही हे मला माहीत आहे. आठवलं नाही तर कुठेही दाखवा. जागा चुकली तरी चालतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ता. क. २. लोइसबाईही येते म्हणतात. मर्विनच्या पुस्तकाचं शेवटचं पान त्यांनी वाचलं आहे आणि ‘चौकशी चालू’ त्यांना आवडलेलं नाही. त्यांचा डावा गुडघा चांगला आहे, तुमचा उजवा. काठावर उतरताना दोघींत मिळून एक जोडी होईल.

ता. क. ३. आत्या, पाय मी धुणार आहे. ओढून घ्यायचे नाहीस. आणि फोन उचल गं. पण दार कुठल्या बाजूला होतं ते फोनवर सांगू नकोस.