सदतीसच्या पुढे

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (अगदी शब्दशः साष्टांग. तुझ्या तक्त्यातला प्लँक करताना कोसळले ती तशीच चटईवर आहे. हात मोकळे आहेत, तर पत्रच लिहावं म्हटलं.) तुझा गुडघा कसा आहे? शाळेतल्या मुलींना अजून शिट्टी वाजवून पळवतेस ना? इकडे सगळे बरे. आई-बाबा कामावर जातात, आणि आजोबा घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून खिडकीतल्या खुर्चीत असतात. (म्हणजे असायचे. सांगते पुढे.)

'तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी रोज एक तास व्यायाम' हा तुझा तक्ता मी कपाटाच्या दारावर डकवला. खाली तू लाल शाईने लिहिलंयस, महिन्याभरात प्लँक मिनिटावर गेला नाही तर माझी रवानगी चौकातल्या जिममध्ये. आत्या, तिथे चारी भिंतींना आरसे आहेत गं. मला चारी बाजूंनी मी नको आहे. म्हणून मी अगदी मनापासून कामाला लागले. पण प्लँकमध्ये कोपरांवर अंग तोलून धरताना तोंड जमिनीकडे असतं, आणि सकाळी फरशीवर उन्हाचा जो चौकोन पडतो, तो हळूहळू माझ्या बोटांकडे सरकत येतो. त्याच्याकडे बघता बघता मी कुठल्या कुठे जाते. दोरीवरच्या उड्यांचंही तेच. बाराव्या उडीला वाटतं, आता खाली आलेच नाही तर? तेवढ्यात पाय दोरीत आणि मी वाळत घातलेल्या कपड्यांत. (बाबांचा सदरा फाटला. तो आधीच फाटका होता, असं मी आणि आईने ठरवलंय.)

सेकंद मोजायला आजोबांना बसवलं. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, मोबाइलवर विश्वास ठेवेना. जुनं मनगटी घड्याळ कानाशी धरून, डोळे मिटून मोजतात. पहिल्या दिवशी मी एका दमात मिनिट पूर्ण केलं! आईला फोन केला, शेजारच्या काकूंना सांगून आले. दुपारी आजोबांच्या लक्षात आलं, की सवयीने त्यांनी टिकटिक मोजली होती, आणि त्या घड्याळाची टिकटिक सेकंदाला पाच. म्हणजे माझं मिनिट बारा सेकंदांचं.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर चटई अंथरलेली आणि आजोबा बूट घालून दारात. तेव्हापासून रोज तसेच उभे असतात. मला लोळत पडायची सोयच राहिली नाही. आता खुर्चीची पाठ धरून माझ्यासोबत पाच बैठकाही मारतात.

तर महिना संपत आला आणि माझा प्लँक काही सदतीसच्या पुढे जात नाही. कृपा करून जिमचं नाव काढू नकोस. आणखी एका महिन्याचा तक्ता पाठव.

तुझी कोलमडती भाची

ता. क. नव्या तक्त्यावर तुझ्या अक्षरात लिही, 'मोजायला घरातलं वडीलधारं माणूस हवंच.' 'हवंच'खाली दोन रेघा मार. जमलं तर तक्ता घेऊन तूच ये.

आणखी एक ता. क. हे फक्त तुला. माझा प्लँक केव्हाच दीड मिनिटावर गेलाय. (एकटीने मोबाइल लावून पाहिलं.) पण हल्ली आजोबा सदतीसला आले की थांबतात. पुढचा आकडा त्यांना सापडत नाही. डोळे उघडून माझ्याकडे बघतात, घाबरल्यासारखे. तेव्हा मी धपकन पडते.

"पडलीस होय?" म्हणतात. "असू दे. चल, पुन्हा एकपासून."

एकपासून त्यांना सगळं येतं.