त्रेसष्ट मुठी, अकरा ॲप

रविवार, १ जून २०२५. धुळे

धरणगावच्या भाऊबंदांच्या बैठकीहून आत्ताच परतलो. नोंद आवश्यक आहे, कारण माझ्यावर जबाबदारी आली असून तिचा मजकूर मागाहून कोणी बदलू नये.

श्रावणात आम्ही बसवतो त्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, आमच्याकडे पुरुषागणिक सव्वा मूठ गहू मोजतात आणि प्रत्येक मुठीला नाव घेतात. त्रेसष्ट नावे. ती एकट्या ताईबाई वहिनींना, धरणगावच्या माझ्या चुलत भावजयींना, पाठ आहेत आणि वहिनींचे वय शहाऐंशी. गेल्या वर्षी शिरपूरच्या सुपडूच्या थोरल्या मुलाचे नाव त्यांच्याकडून राहिले. सुपडू रोटाला हात न लावता सहकुटुंब उठून गेला. यंदा एक जरी नाव राहिले तर शिरपूरकर कानबाई वेगळी बसवतील, असे तो आज सर्वांदेखत म्हणाला.

मी सदतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. सबब यादी माझ्याकडे. माझे नाव सुचवले सुपडूनेच. का?

वहिनी तिथेच मांडी घालून बसल्या. "मी सांगस, तू लिख, भाऊ." मी त्यांना थांबवले. आधी साधन निश्चित करावे, मग सामग्री गोळा करावी.

सोमवार, २ जून

ज्योत्स्नाचा नाशिकहून फोन. कन्येच्या मते मला 'पर्सनल विकी' हवा: प्रत्येक माणसाचे एक पान, मुलाचे पान बापाच्या पानाला जोडलेले. कल्पना निर्दोष. मात्र "पप्पा, कुठलंही नोट्सचं ॲप घ्या, तासाभराचं काम आहे," असे ती म्हणाली. 'कुठलेही' म्हणणाऱ्याने विचार केलेला नसतो.

पत्नी हेमलतेने शंभर पानी वही सुचवली. वही भिजते, हरवते आणि ज्याच्या हाती पडेल तो ती वाचतो. (प्रस्तुत रोजनिशीस हा आक्षेप लागू नाही. ही कपाटात असते.)

सोमवार, ९ जून

महाविद्यालयात मुलाखती घेत असे त्याच पद्धतीने ॲपना बोलावले आहे. निकष एकोणीस.

उमेदवार क्र. १: फुकट. का फुकट? अटी एक्केचाळीस पाने, संपूर्ण वाचल्या. बाविसाव्या पानावर 'सेवा सुधारण्यासाठी' माझा मजकूर वापरण्याची मुभा मागितली आहे. माझ्या पणजोबांमुळे कोणती सेवा सुधारणार? नामंजूर.

क्र. २: दरमहा पैसे. मी मेल्यावर कोण भरणार? नामंजूर.

क्र. ३: उघडताक्षणी फोनमधील सर्व नंबर पाहू का, असे विचारले. उमेदवाराने मुलाखतीत परीक्षकाचे खिसे तपासू नयेत.

शनिवार, १४ जून

सुपडूचा फोन. "नाना, यादी व्हयनी का?" इतकी आस्था संशयास्पद आहे. त्याला शिरपूरची शाखा थोरली ठरवून घ्यायची असावी. लिंक मागत होता. दिली नाही. द्यायला अद्याप काही नाही, हा भाग वेगळा.

शुक्रवार, २७ जून

सकाळी सातला वहिनींचा फोन. भडगावचे अख्खे घर आठवले आहे, लिहून घे म्हणाल्या. उमेदवार क्र. ५ आणि ६ विचाराधीन असल्याने थोडे थांबण्यास सांगितले. "आते याद शे. सकाय कोनले माहीत?" असे म्हणाल्या. उद्याची अनिश्चितता युक्तिवाद म्हणून दुबळी आहे.

फोन ठेवताना त्यांनी मला दादांच्या, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या, नावाने हाक मारली. दादांना जाऊन अकरा वर्षे झाली. फोनवर आवाज सारखे वाटतात.

मंगळवार, ८ जुलै

उमेदवार क्र. ७ आश्वासक. मला पाठ असलेली बारा नावे चाचणीसाठी घातली. आमच्या भाऊबंदकीत चार सुपडू आणि तीन चिंधा आहेत. आधीची मुले जगली नाहीत की जगलेल्याचे नाव असेच ठेवत. ॲपने विचारले: 'ही नोंद दोनदा झालेली दिसते. एकत्र करू का?' दुबार नोंद हा दोष असल्याने तत्त्वतः मी होकार दिला. मग 'कुटुंबाला पाठवा' हे बटण नेमके काय करते ते तपासले.

बुधवार, ९ जुलै

ते कुटुंबाला पाठवते.

सुपडूचा पहाटे फोन. "नाना, मी मनाच आजा शे का?" पार्श्वभूमीस शिरपूरचे संपूर्ण घर हसत होते. पानानुसार तो १९०८ साली जन्मला असून स्वतःच्या बापाचा बाप आहे. मी क्षमा मागितली नाही, कारण चूक ॲपची. होकार माझा होता, असे ज्योत्स्ना म्हणते. होकार सामान्य तत्त्वाला होता, या सुपडूला नव्हे.

कंपनीकडे सविस्तर तक्रार पाठवली. उत्तर चार सेकंदांत आले. म्हणजे वाचली नाही.

रविवार, २० जुलै

क्र. ८, ९, १० नामंजूर. क्र. ११ अठरा निकषांवर उतरतो.

हेमलतेने विचारले, कानबाईला चौदा दिवस राहिले, नावे किती झाली? प्रश्न अप्रस्तुत. तिने पुन्हा विचारला. बारा, त्यांपैकी चार सुपडूंचा एक झाल्याने नऊ.

ती म्हणाली, धरणगाव तासाभराच्या वाटेवर आहे, जाऊन वहिनींपुढे बसा. रिकाम्या हाताने जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

मंगळवार, २९ जुलै. नागपंचमी

क्र. ११ ची नियुक्ती, तात्पुरती. सव्वीस अक्षरांचा पासवर्ड ठेवला. सुरक्षेच्या कारणास्तव कोठेही लिहिला नाही.

योजना: शनिवारी वहिनी गहू मोजताना नावे घेतीलच, मी समोर बसून ती थेट विकीत उतरवीन.

शनिवार, २ ऑगस्ट. धरणगाव

वहिनी सुपापुढे बसल्या. सगळे भाऊबंद भोवती. सुपडू अगदी त्यांच्या गुडघ्याशी. मी फोन उघडला. क्र. ११ ने पासवर्ड मागितला.

वहिनींनी पहिली मूठ टाकून पहिले नाव घेतले. धुळ्याच्या घराची पाळी आली तेव्हा माझा तिसरा प्रयत्न चालू होता. मी हात वर करून "थांबा" म्हणालो. त्यांनी गहू मुठीत धरून बराच वेळ माझ्याकडे पाहिले. ओळखू न आल्यासारखे पाहिले. मग ती मूठ भडगावच्या नावाने टाकली. क्र. ११ चोवीस तासांसाठी बंद झाला.

भडगावच्या नावांवर वहिनी दोनदा अडल्या. दोन्ही वेळा सुपडूने हळूच नाव पुरवले. हा अधिकार त्याला कोणी दिला? चौकशीत समजले की जुलैत तो तीनदा येऊन त्यांच्यापाशी बसून गेला. हाती काही नाही, नुसता ऐकत बसला म्हणे. शिरपूरची सगळी नावे आली, थोरल्या मुलाचेही.

शेवटी वहिनींनी आणखी एक मूठ भरली. "जेनं नाव राहिनं व्हई, तेनी ही मूठ."

मी हरकत घेतली: ज्याला नाव नाही ते मोजता येत नाही. सुपडू म्हणाला, "नाना, गप बठ." सगळे हसले. वहिनीही हसल्या, आणि मला पुन्हा दादांच्या नावाने म्हणाल्या की तू जेवल्याशिवाय जाऊ नको.

सोमवार, ४ ऑगस्ट. धुळे

कानबाईचे विसर्जन झाले. शिरपूरकर काल पंगतीला शेवटपर्यंत होते. कानबाई एकच राहिली.

आज ऐकलेली नावे आठवून हेमलतेच्या वहीत लिहिली. शेवटची धरून मुठी त्रेसष्ट, नावे बासष्ट. राहिलेले नाव कोणाचे, हे बाद करत करत काढले. प्रत्येक घर तपासले. धुळ्याचे घर यादीत नाही. धुळ्याच्या घरात पुरुष एकच आहे.

हेमलतेला सांगितले. तिला शनिवारपासून माहीत होते. सर्वांनाच माहीत होते; नानांना कोणी सांगू नका, असे सुपडूने बजावले होते. ती म्हणाली, आम्हा बायकांची मूठ कधीच पडली नाही, आम्ही खातोच ना रोट?

माझे नाव घेतले गेले नाही. सुपडूप्रमाणे रोटाला हात न लावता उठून जाण्याचा मला पूर्ण अधिकार होता. परंतु काल मी दोन रोट खाल्ले आणि तिसरा मागून घेतला. हरकत मुदतबाह्य.