न वाजलेल्या बँडची बातमी

मंचर, सोमवार

प्रिय अमृतराव,

माझा जय जिनेंद्र पोचला असे समजा, तुमचा रामराम मी इकडे घेतला आहे. मोतीबिंदू काढल्यावर आता बरे दिसते ना? (फारच बरे दिसत असेल तर आपल्या साप्ताहिकाच्या जुन्या फायली तेवढ्या उघडू नका, कारण पुढे येईलच.) वहिनींच्या गुडघ्यांना आराम असावा. आमची उगमबाई ठणठणीत आहे. माझेच चित्त गेला आठवडा ठिकाणावर नव्हते. काल प्रथमच दोन घास गोड लागले.

झाले असे, की माझी नात जागृती पुण्यात पत्रकारिता शिकते, आणि तिने प्रबंधाला विषय घेतला जुन्या वर्तमानपत्रांतला एकच शब्द, 'उपस्थित'. जुन्नरला जाऊन तिने तुमच्या संपादकीची वीस वर्षे चाळली आणि मला सांगितले, की आजोबा, तुमच्या पेपरात उपस्थित म्हणजे कधी आलेला, कधी पत्रिकेत नाव असलेला, कधी नाव न छापल्यास रागावणारा. पारगावचे एक आप्पा तर स्वतःच्या दशक्रियेनंतर दोन आठवड्यांनी सत्यनारायणाला उपस्थित आहेत. (हे पाप तुमचे. मान्यवरांच्या नावांचे छपाईचे खिळे जुळवून सुतळीने बांधून ठेवायचात आणि दर बातमीखाली तोच गठ्ठा लावायचात.) मीही फुशारकीने तिला आपली पद्धत सांगितली. अंक निघणार गुरुवारी, लग्नही गुरुवारी, म्हणून मंचरचा वार्ताहर या नात्याने मी बुधवारीच पत्रिका समोर ठेवून बातमी लिहायचो आणि जुन्नरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती पाकीट द्यायचो. लग्न काय, लागायचेच असते. पोरीने सगळे वहीत उतरवून घेतले, तेव्हा मला तिचे कौतुकच वाटले.

मग ती म्हणाली, महाळुंगे पडवळच्या कुंडलिकआजोबांच्या भिंतीवर त्यांच्या लग्नाच्या बातमीचे कात्रण आहे ना, ते पाहायला जाऊ. अमृतराव, तुम्हाला आज सांगतो, त्या लग्नाला मी गेलोच नव्हतो. जिवलग मित्राचे लग्न, पण ऐन वेळी दुकानासाठी जालंधरहून बटाट्याच्या बियाण्याचा ट्रक आला आणि मी तो उतरवत बसलो. बातमी मात्र आदल्या दिवशीच गेलेली, तीत मी 'आवर्जून उपस्थित'. पुढे कुंडलिक भेटला तेव्हा मी ठोकून दिले, की होतो रे, गर्दीत गाठ पडली नाही. त्याने मान डोलावली. ती थाप मी पंचेचाळीस वर्षे सांभाळली. त्याच्याशिवाय मला दुसरा मित्र नाही, आणि तो कात्रणाकडे पाहू लागला की मी कांद्याच्या भावावर घसरतो. आता ही पोर वही घेऊन त्याच कात्रणापुढे उभी राहणार होती.

रविवारी गेलो. कुंडलिकच्या नातीचे, श्रेयाचे, लग्न ठरले आहे, तेव्हा आधी पत्रिका हातात पडली. मग जागृतीने कात्रण मोठ्याने वाचले. नारायणगावच्या सुप्रसिद्ध बँडने वऱ्हाडी मंडळींना मंत्रमुग्ध केले इथवर ती आली, वही उघडली, आणि मला धीर धरवेना. मी उठून उभा राहिलो आणि सगळे सांगून टाकले, ट्रकसकट.  आधी बोलली ती कुंडलिकची बायको सारजाबाई.

"झुंबरशेठ, बँडचा टेम्पो कळंबला बंद पडला व्हता. वरात हलगीवर निघाली. तुमी आला नव्हता, ते पेपर आला तवाच समद्या गावाला कळलं."

मग ही फ्रेम कशाला, असे मी विचारले. 

"बँड आला नाय म्हणून माझा बाप मांडवात रडला व्हता. पेपरात तरी वाजला. मरस्तोवर आमच्याकडं आला की भेटंल त्या पावण्याला ह्येच दाखवायचा."

कुंडलिकने चहाचा कप खाली ठेवला आणि मला म्हणाला, "झुंबर, श्रेयाच्या लग्नाची बातमी नाय दिली तरी चालंल. तू ये."

अमृतराव, मी तिथेच रडलो, आणि मग तीन कप चहा प्यालो. पंचेचाळीस वर्षे मी ज्याला घाबरत होतो ते त्या घराला ठाऊक होते, आणि तरी दर दिवाळीला माझ्याकडे आंबेमोहोर येत राहिला. इतके हलके मला दुकान मुलाकडे सोपवल्यावरही वाटले नव्हते. यापुढे जिथे मी नाही तिथे उपस्थित राहणार नाही, हे मी उगमबाईसमोर कबूल केले आहे.

वहिनींना नमस्कार. जागृती तुम्हाला भेटायला येईल, तिच्यापुढे जपून बोला.

तुमचा, या खेपेस खरोखरचा,
झुंबरलाल

ता. क. श्रेयाचे लग्न आणि तुमच्या पंचाहत्तरीचा सत्कार एकाच रविवारी, एकाच वेळी आहेत. मी लग्नाला जाणार. यावर वाद नको.

आणखी एक ता. क. सत्काराची बातमी सोबत जोडली आहे. तीत मी आवर्जून उपस्थित आहे आणि माझे भाषण छोटे पण हृदयस्पर्शी झाले आहे. आहे तशी छापून आणा.

शेवटचा ता. क. जेवणात काय होते ती जागा कोरी ठेवली आहे, आचाऱ्याला विचारून भरा. बँड मात्र आला नाही तरी तसाच राहू द्या.