आकडा बरोबर होता

दादा,

आज 'प्रिय' लिहायला हात वळत नाही.

बाबांचा रिपोर्ट बघून तू तिकडूनच निकाल दिलास, "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, त्या गोळ्या बंद करा." शुगरकडे पाहिलंही नाहीस. बाबांनी लगेच ऐकलं. सोमवारी दुकानात कापड बेतता बेतता ते कोसळले, हार्ट अटॅक आला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर वाढली की ती कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या प्रथिनांना चिकटते. मग यकृत त्यांना नीट ओळखत नाही. ती रक्तातच फिरत राहतात, बिघडतात आणि धमनीच्या भिंतीत रुतून बसतात. मधुमेहात नुसत्या आकड्यावर विसंबायचं नसतं. गोळ्या कुणी बंद केल्या?"

मी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "मीच. कंटाळा आला होता."

तुझ्या वाटची बोलणी त्यांनी मुकाट्याने खाल्ली. मग मला म्हणाले, "त्याला कळवू नकोस, जिवाला लावून घेईल." माझ्या जिवाचं काय, ते कुणी विचारलं नाही. म्हणून हे पत्रही पाठवायची सोय नाही.

काल तुझा फोन आला. "बघा, गोळ्यांवाचून काही अडलं का?"

सलाइन लावलेले बाबा हसून म्हणाले, "नाही रे."

फोन त्यांच्या कानाशी मी धरला होता.

तुझी धाकटी