बाबा फोनच्या मांगं काहून बसते

रविवार, २२ सप्टेंबर

मोठा फोन आला घरी! मामाचा जुना हाय, एका कोपऱ्यात तडकला, पण चालते. आज भाऊले पाह्यलं. दोन वर्षांनं. सुरतले साड्यायच्या कारखान्यात गेला तवापासून त्याचा नुसता आवाजच होता आमच्याजवळ.

आईनं तोंड धुतलं, पावडर लावली, लग्नातली साडी नेसली अन् फोन कानाले लावून बसली. भाऊ तिकडून म्हणे, "आई, कान साफ हाय तुहा. आता तोंड दाखव." मी हसून हसून खाली पडली.

मंग समोर धरला तं दोघंबी गप. रोज आवाजावर तासभर वटवट करते अन् आज तोंडं दिसली तं बोलणंच सुचेना. आई म्हणे, "वाळला रे." भाऊ म्हणे, "तू बी." आईनं काचेवरून त्याच्या गालावर हात फिरवला अन् कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. फोन बंद! लाल बटन दाबल्या गेलं. आईले वाटलं, तिचीच नजर लागली पोराले. संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. कोणाले? फोनले.

बाबा मात्र सारा वेळ फोनच्या मांगं पोत्यावर बसून झेंडू निवडत होते. आई म्हणे, "या ना समोर." नाई आले.

भाऊ जाच्या दिवशी त्या दोघायचं भांडण झालं होतं. त्याले फुलायचं वावर करायचं नव्हतं. मी तवा मामाच्या घरी तेल्हाऱ्याले होती, आई बाजारात. काय बोलले ते कोणी सांगत नाई. तवापासून बाबा भाऊसंग एक शब्द बोलले नाई. भाऊ बी घरी आला नाई.

बुधवार, २५ सप्टेंबर

आज मी फोनसमोर पुतळ्यावानी बसली. तोंड उघडं, एक हात वर. भाऊ ओरडला, "अटकली, अटकली! नेट गेलं." मी पापणी नाई हालवली. लय मजा येऊन राह्यली होती. मंग तो त्याच्या खोलीतल्या दोस्ताले म्हणे, "बाबा एक डाव दिसले असते ना बे. पण त्यायले राग हाय माया. नाई येणार ते समोर."

मले शिंक आली.

भाऊ म्हणे, "खुशे, येईन तवा कान पिळीन तुहा." पण हसला नाई. मी बी नाई.

गुरुवार, २६ सप्टेंबर

राग हाय तं भाऊचा फोन वाजला का बाबा हातातलं काम टाकून मांगं येऊन काहून बसते?

रविवार, २९ सप्टेंबर

बाबाले फसवलं.

दसऱ्याच्या झेंडूसाठी आजकाल व्यापारी फोनवरच माल पाहते. मी बाबाले सांगतलं, अकोल्याच्या व्यापाऱ्याचा फोन हाय, माल दाखवा. भाऊले आधीच शिकवून ठेवलं होतं: कॅमेऱ्यावर बोट ठेवजो, आवाज जाडा काढजो.

बाबा फोन घेऊन फुलं भरलेल्या कॅरेटायवरून फिरू लागले. "हे पाहा साहेब. सकाळची तोड हाय."

"ओला दिसते माल," भाऊ जाड्या आवाजात.

"ओला नाई. दंव हाय त्याच्यावर. दुपारपर्यंत पाहा, कसा खडखडीत होते. माया पोराले इचारा, त्यानं लावले होते हे वाफे पयल्यांदा."

हे बाबा व्यापाऱ्याले काहून सांगून राह्यले, मले समजलं नाई. पण भाऊच्यानं राह्यवलं नाई. त्यानं बोट काढलं.

मले वाटलं, बाबा फोन फेकते आता. नाई फेकला. खांद्यावरचा दुपट्टा ओढला अन् आपलं तोंड झाकून घेतलं. फक्त डोळे उघडे. अन् पाहतच राह्यले. भाऊ तिकडून "बाबा, बाबा" करून राह्यला होता. त्याले तं नुसता झेंडूच दिसत होता, मांगचा कॅमेरा चालू होता ना. बाबाले काय माईत त्यातलं.

मंग फोन माया हातात देला अन् विहिरीकडे चालले गेले. एक शिवी बी नाई देली. देली असती तं बरं वाटलं असतं.

रागाचा माणूस डोळे झाकन. तोंड काहून झाकलं त्यायनं?

सोमवार, ३० सप्टेंबर

इचारलं. वावरात, फुलं तोडता तोडता. बाबानं माह्याकडे पाह्यलं नाई. म्हणे, "जाच्या दिवशी त्यानं देवाच्या दिव्यावर हात ठेवला होता. म्हणे, याच्यापुढं तुमचं तोंड पाह्यलं तं माही आई मरन."

मी म्हटलं, "मंग?"

"मंग काय? मी त्याले पाह्यलं तं चालते. त्यानं मले पाह्यलं नाई पाह्यजे. बोललो असतो तं 'घरी ये' निघालं असतं तोंडातून. तुह्या आईले आधीच बीपीच्या गोळ्या सुरू हायत."

मले हसू आलं होतं, गळ्यापर्यंत. मी दिवसातून दहा डाव आईची शप्पथ खाते. खोटी. आई ठणठणीत हाय. हेच सांगणार होती त्यायले. पण बाबाचे हात फुलं तोडाचे थांबले होते. दोन वर्षं हा माणूस एकटाच आईले जपून राह्यला अन् आमी सारे त्याले रागीट म्हणून राह्यलो.

"आईले सांगू नको," म्हणे. "तिले माईत नाई. भ्याव घेईन ती."

मंगळवार, १ ऑक्टोबर

भाऊले सांगतलं. त्याले आठवतच नाई!

"असं म्हणलो मी?"

मंग फोनात हालेचना. या डाव खरंच वाटलं नेट गेलं. मंग म्हणे, "रागात निघालं असन तोंडातून. शप्पथ सुटली म्हणून सांग बाबाले. तीनदा सांग."

बाबाले तीनदा सांगतलं. बाबा म्हणे, "दिव्यावर घेतलेली शप्पथ हाय, फोनवरून सुटत नाई. दिव्यासमोरच सोडा लागते."

"मंग त्याले घरी बोलवा."

"घरी आला तं माह्यं तोंड दिसन ना त्याले."

घ्या. आता काय करावं माणसानं?

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज घट बसले. मी दोन दिवस झाले एक बी शप्पथ खाल्ली नाई. आईनं कपाळाले हात लावून पाह्यला, ताप हाय का म्हणून. तिचा हात गरम होता, दिवा लावून आली होती.

मी सांगून टाकलं तिले. सगळं.

ती हार गुफत बसली. मंग एकच इचारलं, "रविवारी सुट्टी हाय त्याले. कितीले करन तो फोन?"

रविवार, ६ ऑक्टोबर

फोन आला. बाबा नेहमीसारखे मांगं जाऊन बसले. आई उठली, चालू फोन घेऊन सरळ त्यायच्यासमोर उभी राह्यली. त्यायनं दुपट्टा ओढला तं तिनं तो खसकन काढून घेतला.

"माया जीवावर शप्पथ घेतली एकानं, पाळली दुसऱ्यानं. मले कोणी इचारलं होतं?"

भाऊ बाबाले पाहून राह्यला होता. बाबा आईले.